होल्डरमधला फोन आणि कलम १८४ सी: एका कॅबचालकाच्या चलनाचं प्रकरण

हे प्रकरण मी वकील म्हणून चालवलं. चालकाचं नाव बदललं आहे. शहर, न्यायालय आणि ॲपची कंपनी यांची नावं दिलेली नाहीत, कारण मुद्दा त्यांच्यापैकी कुणाचा नाही. गाडीत होल्डरला लावलेल्या फोनला बोट लावलं तर कायद्याच्या नजरेत काय घडतं, एवढाच इथे विषय आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहा चालकांतले नऊ जण ठामपणे सांगतात, "मॅडम, होल्डरमध्ये असला की चालतं." हे उत्तर अर्धं बरोबर आहे. संतोषभाऊंना ते अर्धेपण चांगलंच महागात पडणार होतं.

पार्श्वभूमी

संतोषभाऊ, वय सेहेचाळीस. आधी बारा वर्षं एका कारखान्याच्या बसवर होते, नंतर कर्ज काढून सीएनजीची सेडान घेतली आणि ॲपवर लावली. पिवळी पाटी, टुरिस्ट परमिट, महिन्याला हप्ता. घरात शिकणारी दोन मुलं, आणि कमावणारे ते एकटेच.

फेब्रुवारी २०२३. संध्याकाळी साडेसहाची वेळ, मोठ्या चौकाच्या अलीकडे गाड्या हळूहळू सरकत होत्या. मागच्या सीटवर कुणी नव्हतं. तेवढ्यात बुकिंग पडलं. ॲपची ती विशिष्ट घंटा, पडद्यावर गोल फिरणारी रेघ, आणि हातात दहा-पंधरा सेकंद. तेवढ्यात बोट लावलं नाही तर बुकिंग दुसऱ्याकडे जातं, आणि दोन-चार सोडली की ॲपकडून मिळणारी दिवसाची प्रोत्साहनाची रक्कम बुडते. संतोषभाऊंनी डावा हात उचलला, काचेला चिकटवलेल्या होल्डरमधल्या फोनला बोट लावलं, बुकिंग घेतलं. दुभाजकाजवळ उभ्या असलेल्या हवालदारांनी फोटो काढला. गाडी थांबवली नाही.

रात्री मोबाईलवर चलनाचा मेसेज आला: वाहन चालवताना मोबाईलचा वापर, कलम १८४ सी, रक्कम १०,००० रुपये.

आकडा वाचून त्यांना वाटलं यंत्राची चूक झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये याच कलमाखाली त्यांच्यावर चलन झालं होतं. तेव्हा फोन खरोखरच कानाला होता आणि त्यांनी निमूटपणे पैसे भरले होते. ती रक्कम याच्या जवळपासही नव्हती.

अडचण

त्या रात्री मुलानं पैसे भरायचं पान उघडून फोन हातात दिला होता. रक्कम दिसत होती, फक्त पिन टाकायचा बाकी होता. संतोषभाऊंचं म्हणणं होतं, मेहुण्याकडून उसने घेऊ पण मिटवून टाकू. वहिनींनी थांबवलं. त्यांना कायदा ठाऊक नव्हता. पाचपट रक्कम कशी काय लावली, एवढीच त्यांची शंका होती, आणि ती विचारायला दुसऱ्या दिवशी दोघं माझ्याकडे आले.

शंका अगदी योग्य जागी बोट ठेवणारी होती. हा सगळा मामला दहा हजारांचा नव्हताच.

कायदा नेमकं काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधलं कलम १८४ हे धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं, जी १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आली, या कलमाला एक स्पष्टीकरण जोडलं. त्यात कोणती कृती धोकादायक धरायची याची यादी आहे: ए म्हणजे लाल दिवा तोडणं, बी म्हणजे थांबण्याची खूण न पाळणं, सी म्हणजे गाडी चालवताना हातात धरायच्या संपर्क साधनाचा वापर, डी म्हणजे नियमबाह्य ओव्हरटेक, ई म्हणजे उलट दिशेनं गाडी घालणं. शेवटचं एफ. त्यात म्हटलंय की जाणत्या आणि काळजी घेणाऱ्या चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्या फारच खाली जाणारं, आणि तसं चालवणं धोक्याचं आहे हे अशा चालकाला उघड दिसेल असं, कोणतंही वाहन चालवणं.

पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तशाच गुन्ह्यानंतर तीन वर्षांच्या आत पुन्हा झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. वहिनींच्या शंकेचं उत्तर इथे आहे. ऑक्टोबर २०२१ ते फेब्रुवारी २०२३ म्हणजे सोळा महिने, आणि म्हणून यंत्रानं हा दुसरा गुन्हा धरला.

पण पहिला तर पैसे भरून मिटला होता ना? नाही. चालकांना जे कुणीच समजावून सांगत नाही ते इथे आहे. जागेवर पैसे भरून गुन्हा मिटवण्याची, म्हणजे तडजोडीची, सोय कलम २०० मध्ये आहे. कलम १८४ मधल्या यादीपैकी फक्त हातातल्या फोनच्या गुन्ह्यालाच ती सोय मिळते. मात्र २०१९ पासून त्याच कलमात दोन अटी आहेत. तडजोड झाली तरी तो गुन्हा पुढच्या हिशेबासाठी आधी घडलेला गुन्हा म्हणून धरला जातो. आणि तडजोडीमुळे कलम २०६ (४) खालच्या लायसन्सच्या कारवाईतून सुटका होत नाही.

ती कारवाई अशी: कलम १८४ सह काही ठराविक गुन्ह्यांत पोलीस अधिकाऱ्यानं लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचं असतं. तिथे चालकाचं म्हणणं ऐकून, कारणं लेखी नोंदवून, पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्रता आणि दुसऱ्याला थेट लायसन्स रद्द, अशी तरतूद कलम १९ मध्ये आहे. आरटीओचा अधिकारी चालकाला मोकळंही सोडू शकतो, तसा अधिकार त्याला आहे. पण कॅबचालकानं नुसत्या शक्यतेवर विसंबून राहावं असं मी कधीच सांगणार नाही. लायसन्स गेलं तर गाडी दारात उभी आणि हप्ता चालू.

म्हणजे मुलाच्या हातातल्या त्या पानावर पिन टाकला असता, तर तीन वर्षांतला दुसरा गुन्हा संतोषभाऊंनी स्वतःच्या हातानं कबूल केला असता.

आता होल्डरबद्दल. अधिनियमात होल्डर हा शब्दच नाही. खंड सी मधला शब्द आहे हातात धरायचं साधन. फोन हे मुळात हातात धरायचं साधन आहे, मग तो होल्डरला अडकवला तर ते साधन बदलतं का? की तेव्हा हातात नव्हतं एवढ्यावरच मुद्दा संपतो? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम २१ मध्ये, लायसन्स अपात्र ठरवण्याजोग्या कृत्यांच्या यादीत फोनचा वापर आहेच. १ ऑक्टोबर २०२० पासून तिथे एक मुभा दिली आहे: असं साधन केवळ रस्ता शोधण्यासाठी आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं वापरता येईल. ही मुभा नियमात आहे, कलम १८४ च्या मजकुरात नाही. आणि ती रस्ता शोधण्यापुरती आहे. बुकिंग घेणं, मेसेज वाचणं, गाणं बदलणं तिच्यात बसत नाही.

दुसरीकडे हे कसं लिहिलंय ते पाहिलं की आपल्याकडची पोकळी लक्षात येते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०१७ पासून वाहन संहितेच्या कलम २३१२३.५ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की साधन काचेवर, डॅशबोर्डवर किंवा मधल्या कन्सोलवर बसवलेलं असावं, रस्ता दिसण्यात त्याचा अडथळा नसावा, आणि हात लावायचाच तर बोट एकदा टेकवण्या किंवा सरकवण्यापुरताच. तिथे संतोषभाऊंचं एकदा लावलेलं बोट कदाचित नियमात बसलं असतं. आपल्याकडे असं माप कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे सगळा भार त्या एका शब्दावर येतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, पैसे भरणं. तो का नको ते वर आलंच.

दुसरा, लोकअदालत. तिथे रक्कम कमी होऊ शकते म्हणून चालक तिकडे धाव घेतात, आणि आर्थिकदृष्ट्या त्यांचं चुकतही नाही. संतोषभाऊंच्या संघटनेतले दोघे त्यांना तेच सांगत होते. पण तिथेही रक्कम भरून मिटवलं की मिटवण्याचा अर्थ तोच. दहाचे पाच हजार झाले असते, पण दुसऱ्या गुन्ह्याची नोंद तशीच राहिली असती.

तिसरा, वाहतूक शाखेच्या संकेतस्थळावर तक्रार. खर्च नाही, तारखा नाहीत, म्हणून सुरुवात इथूनच करायची हे आम्ही ठरवलं.

चौथा, पैसे न भरता न्यायालयात उभं राहणं. इथे एक अडचण होती आणि ती मी दोघांना पहिल्याच बैठकीत सांगितली. फोन हातात नव्हता हे आपण सिद्ध केलं तर सी जातं. पण चालत्या गाडीत बुकिंग घेत होतो हे त्याच वेळी कबूल होतं, आणि मग समोरचा वकील एफ कडे बोट दाखवू शकतो. एफ ला तडजोडीची सोय नाही. म्हणजे लहान गुन्ह्यातून निसटताना मोठ्याच्या दारात पाऊल पडू शकतं.

संतोषभाऊ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मॅडम, आपण नकाशा बघत होतो असंच म्हणू ना. होल्डरमध्ये नकाशा चालतो म्हणता तुम्ही."

हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण होता. मागणी वाईट हेतूची नव्हती. हप्ता डोक्यावर असलेला माणूस जे वाक्य सुचेल ते धरतो. पण मी नाही म्हटलं. एक कारण उघड आहे, न्यायालयात खोटं सांगायचं नाही. दुसरं व्यवहाराचं. बुकिंग किती वाजून किती मिनिटांनी आणि किती सेकंदांनी घेतलं ते ॲपकडे नोंदलेलं असतं आणि चलनावर फोटोची वेळ असते. या दोन वेळा कुणी शेजारी ठेवल्या असत्या तर होल्डरचा खरा मुद्दाही त्या खोट्यासोबत बुडाला असता. वहिनी मध्ये बोलल्या, "जे आहे ते सांगा. नंतर आठवत बसायला नको, काय सांगितलं होतं ते." तिथे तो विषय संपला.

काय केलं

तक्रार मी घाईत केली, आणि ती चूक होती. दुसऱ्या दिवशी संतोषभाऊंच्या गाडीतल्या होल्डरचे चार फोटो काढले, फोन लावून आणि काढून, आणि ते जोडून अर्ज टाकला. त्या फोटोंनी काहीच सिद्ध होत नव्हतं. चलनानंतर होल्डर कुणीही विकत आणून चिकटवू शकतो. तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: फोटोमध्ये मोबाईलचा वापर स्पष्ट दिसतो, तक्रार अमान्य.

खरं म्हणजे तो वापर मलाही दिसत होता. चलनावरच्या फोटोत डाव्या हाताचा पंजा वर होता, चार बोटांच्या मागून फोनची उजळलेली कड दिसत होती. होल्डर पंज्याआड पूर्ण झाकला गेला होता. कायद्याचा काहीही संबंध नसलेल्या दहा जणांना तो फोटो दाखवला असता तर दहाही जण म्हणाले असते, फोन हातात आहे. हवालदारांवर माझा आक्षेप नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी नोंदवलं.

मग प्रकरण न्यायालयात गेलं आणि मी कामाला पद्धतशीर लागले. केंद्रीय नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७ अ हा नियम आला. त्यात यंत्रांच्या मदतीनं चलन कसं करायचं याची चौकट दिली आहे. गुन्हा दाखवणारा आणि गाडीचा नंबर दिसणारा स्पष्ट फोटो हवा, दिनांक, वेळ, ठिकाण हवं, कोणत्या तरतुदीचा भंग झाला ते हवं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं, पंधरा दिवसांत नोटीस हवी. चलनाचा निकाल लागेपर्यंत सगळी इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवायची हेही त्यातच. प्रमाणपत्र तेव्हा भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ ब खाली लागायचं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नं घेतली आहे. नियमात यंत्रांची यादीही आहे: स्पीड गन, सीसीटीव्ही, अंगावरचा कॅमेरा, डॅशबोर्डचा कॅमेरा वगैरे, शिवाय राज्य सरकार ठरवेल ती.

यातून दोन वाटा दिसत होत्या. एक, हवालदारांनी फोटो काढलेलं उपकरण यादीत बसतं का, प्रमाणपत्र आहे का, असं तांत्रिक भांडण. दुसरी, सगळी नोंद मागवणं. बरेच वकील पहिली वाट धरतात. मी ती हाताशी ठेवली, पण आधी दुसरीकडे गेले. माझं मत असं की सामान्य चालकाचा बचाव शक्यतो घडलेल्या गोष्टीवर उभा राहावा. प्रमाणपत्र नाही म्हणून सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच बोट लावतो.

त्या ठिकाणी काढलेले या गाडीचे सगळे फोटो मिळावेत असा अर्ज केला. तिसऱ्या तारखेला ते आले. तीन होते. पहिला लांबून, अस्पष्ट. दुसरा चलनावरचा. तिसरा त्यानंतरचा, वेळ एक सेकंद पुढची.

तिसऱ्या फोटोत संतोषभाऊंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत. आणि फोन जिथे होता तिथेच आहे, काचेच्या मधोमध, उजळलेला, खालून एक काळी दांडी आणि कडेला पकडीचं एक बोट दिसतंय. हातातला फोन एका सेकंदात होल्डरमध्ये जाऊन बसत नाही, आणि हवेत तर लटकत नाहीच. हा फोटो पहिल्या दिवसापासून सरकारी नोंदीतच होता. आम्ही मागितला नव्हता.

निकाल

सहा तारखा झाल्या. दोन वेळा साहेब रजेवर, एकदा साक्षीदार बंदोबस्तावर. संतोषभाऊंची प्रत्येक तारखेला निम्मी ड्यूटी बुडायची, साधारण हजार-अकराशेचं नुकसान. म्हणजे दंड वाचवताना सहा-सात हजार तसेच गेले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण चलन लढवणं फुकट असतं असा समज पसरवायला मला आवडत नाही.

हवालदारांची साक्ष सरळ होती. फोन हातात धरलेला पाहिला का, या प्रश्नावर त्यांनी सांगितलं की हात फोनवर होता, धरलेला होता की नाही ते इतक्या लांबून सांगता येणार नाही. माणूस प्रामाणिक होता.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी संतोषभाऊंना विचारलं, "तुम्ही काय करत होतात? नकाशा बघत होतात का?"

"नाही साहेब. बुकिंग घेत होतो. एकदाच बोट लावलं."

अपेक्षेप्रमाणे सरकारी बाजूनं म्हटलं की मग हे खंड एफ मध्ये येतं. माझं उत्तर असं होतं: आरोप सी चा आहे. एफ साठी गाडी कशी चालवली जात होती ते दाखवावं लागेल. वेग किती होता, लेन सुटली का, पुढच्या गाडीशी अंतर किती होतं. तीनही फोटोंत गाडी लेनमध्ये आहे आणि आजूबाजूची वाहतूक सरकत्या गतीची आहे. याविषयी कोणाचीच साक्ष नाही.

जानेवारी २०२४ मध्ये निकाल आला. साधन हातात धरल्याचं सिद्ध होत नाही, म्हणून खंड सी खालच्या आरोपातून मुक्तता. एफ चा आरोपच ठेवलेला नसल्यानं त्यावर मत व्यक्त केलं नाही. दहा हजार गेले नाहीत, दुसऱ्या गुन्ह्याची नोंद झाली नाही, लायसन्स हातात राहिलं.

या निकालाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. होल्डरमधल्या फोनला बोट लावायला परवानगी आहे, असं यात कुठेही म्हटलेलं नाही. एका प्रकरणात, त्या पुराव्यावर, त्या आरोपापुरता हा निर्णय आहे. खालच्या न्यायालयाचा निर्णय दुसऱ्या न्यायालयावर बंधनकारक नसतो. निकालानंतर संघटनेच्या गटात "होल्डर असेल तर चलन बाद" असा मेसेज फिरला तेव्हा मी स्वतः फोन करून तो काढायला लावला. त्या दिवशी पुढची रिक्षा अचानक थांबली असती, तर याच तिसऱ्या फोटोनं संतोषभाऊंना एफ मध्ये नेऊन ठेवलं असतं.

आणि कायद्यापलीकडचा हिशेब आहेच. ताशी ४० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. पडद्यावरचं भाडं, अंतर, कुठे जायचं ते वाचून बोट लावायला दोन सेकंद धरले, तरी २२ मीटर गाडी चालकाशिवाय गेली. फोन हातात होता की होल्डरमध्ये, याचा या २२ मीटरशी काही संबंध नाही. कायद्यातला शब्द हाताबद्दल आहे, पण रस्त्यावरचा धोका डोळ्यांच्या आणि लक्षाच्या जागी घडतो. मी हे प्रकरण जिंकले, तरी ते मनात ठेवूनच लिहिते आहे.

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच दिवशी सगळे फोटो मागेन. एका फोटोवरून तक्रार करणं म्हणजे समोरच्याला नकाराचं कारण आपणच हातात देणं. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, त्या संध्याकाळी डॅशकॅम चालू होता का, सीटवर प्रवासी होता का, ॲपमधली त्या तासाची नोंद काढून ठेवली का. आठवड्याभरात हे सगळं विस्कटतं.

ऑक्टोबर २०२१ चं पहिलं चलन भरताना कुणी दोन वाक्यं सांगायला हवी होती: हे भरलंत की तुमच्या नावावर एक गुन्हा जमा होतो, आणि पुढची तीन वर्षं जपा. तेव्हा फोन कानाला होता, भरणं योग्यच होतं. पण पावतीवर आकडा असतो, ही गोष्ट नसते. माझ्या मते चलनाच्या मेसेजमध्ये ती ठळक लिहायला हवी. दंडाच्या भीतीपेक्षा लायसन्सची काळजी चालकाला लवकर सुधारते, हे मी जवळून पाहिलं आहे.

लोकअदालतीला मी सरसकट नाही म्हणणार नाही. पहिलाच गुन्हा असेल आणि फोन खरंच हातात असेल, तर तारखांमागे सहा हजार घालवण्यात अर्थ नाही. संतोषभाऊंच्या बाबतीत पारडं फिरलं ते आधीच्या चलनामुळे.

एका गोष्टीवर माझं अजून ठरलेलं नाही. ॲप चालकाला पंधरा सेकंद देतं, तेही गाडी चालू असताना. गाडी हलतेय हे त्या ॲपला जीपीएसवरून कळत असतं. तरी बोट लावण्याची सगळी जबाबदारी कायद्यानं एकट्या चालकावर टाकली आहे. हा मुद्दा आम्ही न्यायालयात मांडायचा की नाही यावर एक संध्याकाळ बोललो आणि सोडून दिला, कारण चलनाच्या प्रकरणात कंपनीला उत्तर द्यायला बोलावण्याची सोय नव्हती. आज मी निदान एका परिच्छेदात तो लेखी नोंदवला असता.

संतोषभाऊंनी स्वतः काय बदललं ते त्यांनीच दाखवलं. होल्डर आता काचेवर नाही, एसीच्या जाळीला खाली लावला आहे, समोरचा रस्ता अडत नाही. प्रवासी बसला की रस्ता लावूनच गाडी हलते, पुढे आवाजावर चालतात. फेरी संपली की ते ॲपवर ऑफलाइन जातात, पेट्रोल पंप किंवा मोकळी कड बघून थांबतात आणि मग ऑनलाइन येतात. बुकिंग गाडी उभी असतानाच घ्यायचं. यात दिवसाला एखादी फेरी कमी होते असं त्यांनी सांगितलं. सुरुवातीला दोन महिने प्रोत्साहनही गेलं, मग सकाळी तासभर लवकर निघायला लागले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्या चलनाची तीन वर्षं पुरी झाली. त्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला, तारीख त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवली होती.